म्युनिकला नवीन आलात ना? आधी दहा तारीख पाठ करा

दरवर्षी कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास पुण्या-नाशिकहून नवीन मंडळी येतात आणि दोन आठवड्यांत तोच प्रश्न, "पास काढू का सुटी तिकिटं घेऊ?" आम्ही 2016 ला आलो तेव्हा भाड्याचे झोन मोजत बसायचो, दोघांचे दोन पास, ऑफिस एका टोकाला, बायकोचा जर्मनचा क्लास दुसऱ्या टोकाला, आणि रविवारी कुठे जायचं म्हटलं की परत वेगळं तिकीट. मग 2022 च्या जून ते ऑगस्टमध्ये सरकारने महिनाभर देशभर चालणारं 9 युरोचं तिकीट काढलं. महिन्याला दोघांचे 18 युरो! इथल्या मराठी लोकांनी त्या तीन महिन्यांत जेवढा जर्मनी बघितला तेवढा आधीच्या पाच वर्षांत बघितला नसेल, उभ्याने का होईना.

मे 2023 ला डॉइचलांड-टिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, आला 49 युरोला, जानेवारी 2025 ला 58, जानेवारी 2026 पासून 63. म्हणजे नवराबायकोचे वर्षाला 1176 होते ते आता 1512. तरीही रोज ऑफिसला जाणाऱ्याला हेच परवडतं. देशभर सिटी बस, ट्राम, यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल), रिजनल गाड्या सगळं चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र नाही. कंपनी जॉबटिकीट, म्हणजे कंपनीमार्फत सवलतीतला पास, देते का हे पहिल्याच दिवशी एचआरला विचारा, लाजू नका. आपली पोरं पगाराची घासाघीस तासभर करतात पण हे विचारत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. हा पास म्हणजे अबो, म्हणजे सबस्क्रिप्शन, असतो, महिना संपला म्हणून आपोआप बंद होत नाही. बंद करायचा तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवायचं, नाहीतर पुढचा महिना गळ्यात. 2024 च्या मे मध्ये आई-बाबा आले, दोघांना पास काढून दिले, खूश होते, रोज नवीन ट्राम. जुलैअखेर परत गेले. 10 जुलैला मी काय करत होतो? आंब्याच्या पेट्या शोधत होतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बँकेचं स्टेटमेंट बघितलं तर ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, दोघांचे मिळून 294 युरो गेलेले, आणि पासवाले दोघं सांगलीत अंगणात बसलेले. चूक माझीच, भांडायला जागा नाही. पाहुण्यांचा पास काढला की त्याच क्षणी फोनमध्ये 5 तारखेचा गजर लावा. 10 चा नाही, 5 चा.

घरून काम असेल आणि आठवड्यात एकदाच ऑफिस, तर पासच्या नादी लागू नका, श्ट्राइफनकार्ट, म्हणजे पट्ट्या-पट्ट्यांचं तिकीट, घ्या. शहरातल्या एम झोनमध्ये मोठ्या माणसाच्या एका फेरीला दोन पट्ट्या, 6 ते 14 च्या मुलाला एक. सहाच्या खालची पोरं फुकट. पण पट्टी मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा! खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही म्हणजे विनातिकीट, दंड 60 युरो माणशी. टीसी साध्या कपड्यात असतो, कधी पाठीवर सॅक, कधी हातात कॉफी. "मी नवीन आहे" हे त्याने आपल्याआधी हजार जणांकडून ऐकलेलं असतं.

विमानतळ एम झोनमध्ये येत नाही, पाचव्या झोनपर्यंतचं तिकीट लागतं. पाहुण्यांना आणायला जाताना हमखास चुकतं.

चार-पाच जण मिळून फ्युसेनजवळचा नॉयश्वानश्टाइन राजवाडा बघायला निघालात तर बायर्न-टिकीट, म्हणजे आपल्या बायर्न राज्यात दिवसभर चालणारं ग्रुपचं तिकीट, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच.

आणि एक, आल्या आल्या सेकंडहँड गाडी घेऊ नका. आपल्यातल्या काहींना गाडीशिवाय जर्मनीत आल्यासारखंच वाटत नाही, मग इन्शुरन्स, पार्किंग, हिवाळ्याचे वेगळे टायर, आणि गाडी उभी खाली, हे साहेब एस-बानमध्ये. आमच्या बिल्डिंगमधला जर्मन म्हातारा अजून सायकलवर भाजी आणतो.