घरफोडीत खिडकीची काच फुटली? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे घरचे सगळे गच्चीवर झोपतात आणि मागची खिडकी नेमकी तेव्हाच फुटते. सकाळी पहिलं काम काय, तर झाडू! लेकरांच्या पायात काच जाऊ नये म्हणून केलेलं, पण पुरावा केरात जातो. खोलीला बाहेरून कडी लावा. 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकची माणसं जागेवर येण्याची तरतूद 2024 पासून कायद्यातच आहे.

मग गल्लीतले जाणकार येतात. 'काचा बाहेर पडल्यात, म्हणजे आतल्याच कोणाचं काम.' एवढ्यावर कामवाल्या बाईकडे बोट जातं. बहुतेक काच घावाच्या पलीकडे पडते हे खरं, पण बारीक कण फोडणाऱ्याच्या अंगावरही उडतात. शिवाय आत शिरताना हात कापू नये म्हणून चोर चौकटीतले तुकडे उपटून बाहेर टाकतो, ते वेगळंच.

दिशा कळते ती तुकड्याच्या कडेवरून. घावापासून चहूबाजूंना सरळ निघालेल्या तड्याची कड तिरप्या उजेडात धरली की शिंपल्यावर असतात तशा वाकलेल्या रेषा दिसतात. त्या ज्या पृष्ठभागाला काटकोनात भिडतात, त्याच्या विरुद्ध बाजूने घाव बसलेला असतो. घावाभोवतीच्या गोल तड्यावर नेमकं उलटं. कड कोणत्या तड्याची हे न बघता निष्कर्ष काढला की आतला चोर बाहेरचा होतो, बाहेरचा आतला. तुकड्याची कुठली बाजू घरात होती हे नोंदवलं नसेल, तर सगळंच फुकट. म्हणून आधी फोटो, मग चौकटीतल्या तुकड्यांवर पेनाने 'आत' अशी खूण. धूळ पुसू नका, बाहेरची बाजू तीही सांगते.

गाडीच्या दाराच्या काचेचा चुरा होतो, तिथे हा नियम चालत नाही. उष्णतेने तडकलेल्या काचेची कड गुळगुळीत असते, तिच्यात रेषा शोधत बसू नये.

संशयिताचे कपडे झटकू नका. कण काही तासांतच गळतात. कपडे कागदात वेगळे बांधा, आणि ज्याने खिडकीचे तुकडे गोळा केले त्याने त्या कपड्यांना हात लावू नये.

मुद्देमाल सीएला, म्हणजे सरकारी रासायनिक तपासणीला गेला, अपवर्तनांक (काचेत शिरताना उजेड किती वाकतो त्याचा आकडा) जुळला, की आरोपी ठरला असं समजतात. साध्या खिडकीच्या काचेचा अपवर्तनांक साधारण 1.52 असतो आणि तशा काचा घरोघरी आहेत. बुटात रुतलेला तुकडा चौकटीतल्या तुकड्याला तंतोतंत बसला, तर मात्र गोष्ट वेगळी. त्यासाठी चौकट जशीच्या तशी हवी, तेव्हा पंचनामा होईपर्यंत काचवाल्याला बोलावू नका.