फायबरग्लासचं विमान घरी बांधताय? जोडकाम आणि रिपेअरमधल्या या चुका टाळा

अमेरिकन विमान डिझायनर बर्ट रुटाननी कॅलिफोर्नियातल्या मोहावीत १९७५ ला व्हॅरीईझी हे घरी बांधता येणारं छोटं विमान उडवलं, १९७९ ला लाँग-ईझी, आणि तेव्हापासून साचा न करता विमान बांधायची पद्धत लोकांच्या गॅरेजमध्ये पोचली. फोमचा ठोकळा गरम तारेने कापायचा, त्यावर ग्लासचं कापड आणि इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन, चढवायची. पद्धत खरंच सोपी आहे, पण वरून गुळगुळीत चकचकीत दिसणारा जोड आतून धरलाय की नाही हे नुसतं बघून कधीच कळत नाही, म्हणून सगळी काळजी जोडायच्या आधी घ्यायची असते. जोड सुटला की लोक इपॉक्सीला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा इपॉक्सी चांगलीच असते, खालचा पृष्ठभाग तयार केलेला नसतो.

ओल्यावर ओला थर टाकला तर दोन्ही एकजीव होतात. पण आधीचा थर पक्का वाळला, समजा एक-दोन दिवस गेले, की नवीन इपॉक्सी त्याला फक्त खरवडलेल्या खाचांमध्ये धरून बसते. म्हणजे चमक शिल्लक असलेली प्रत्येक जागा ही न चिकटलेली जागा समजा. ८० नंबरच्या सँडपेपरने घासा आणि लाइट तिरपा धरून बघा, कापडाच्या विणीतल्या खोलगट भागात चमक लपून बसते, तिथे हमखास राहते. आणि घासायच्या आधी एक गोष्ट, बऱ्याच हार्डनरमुळे दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते, ती पाण्याने धुतली की जाते, पण न धुता सँडिंग केलं तर तीच साय खाचांमध्ये भरते. साध्या पाण्याने स्कॉचब्राइट मारायचं, पुसायचं, मग घासायचं. शेवटी पृष्ठभागावर थोडं पाणी टाकून बघा, सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब गोळा झालं तर तिथे अजून तेल, सिलिकॉन नाहीतर घाण आहे. तपासून झाल्यावर पूर्ण वाळू द्या आणि उघड्या हाताने शिवू नका.

पील प्लाय, म्हणजे ओल्या थरावर लावून वाळल्यावर सोलून काढायचं कापड, लावून ठेवली असेल तर हे काम खूप कमी होतं, म्हणून पुढे जिथे जोड येणार आहे तिथे ती आधीच लावा. फक्त रिलीज कोटिंग, म्हणजे चिकटू नये म्हणून दिलेला लेप, नसलेली घ्या.

आता याच्या उलटी चूक. मशीनवर ३६ नंबरचा भरड सँडपेपर लावून जोरात घासणारे लोक ग्लासच खाऊन टाकतात. लाँग-ईझीमध्ये युनी (एकाच दिशेच्या धाग्यांच्या) कापडाचा एक थर ०.००९ इंच असतो आणि बिड (दोन दिशांना धागे असलेल्या) कापडाचा ०.०१३ इंच, म्हणजे हात जरा रेंगाळला की एक अख्खा थर गेला. युनीमध्ये जवळजवळ सगळे धागे एकाच दिशेला ताण घेतात, ते कापले गेले की वरून फिलर भरून उंची परत येते, ताकद येत नाही.

रिपेअर करताना ॲसिटोनची फार काळजी घ्या, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. पंखातला निळा फोम पॉलिस्टायरीनचा असतो आणि ॲसिटोनने विरघळतो, पेट्रोलनेही विरघळतो. स्किनला, म्हणजे फोमवरच्या ग्लासच्या थराला, भोक किंवा चीर असताना ओल्या फडक्याने पुसलं की ॲसिटोन आत झिरपतो आणि स्किनच्या खाली पोकळी तयार होते, बाहेरून काहीच दिसत नाही. पॉलिस्टर रेझिनचंही तेच, त्यातलं स्टायरीन हा फोम खातं, त्यामुळे मोटारीच्या दुकानातलं फायबरग्लास किट इथे चालत नाही.

पॉलिस्टरची अजून एक सवय घात करते. आपल्याकडे होड्यांवर, टाक्यांवर एफआरपीचं (फायबरग्लास आणि रेझिनचं) काम केलेल्यांना माहीत असतं की घाई असली की हार्डनर थोडा वाढवायचा. इपॉक्सीत असं काही नसतं, तिथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात एकमेकांना जोडले जातात, जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि माल कायमचा मऊ राहतो. लवकर वाळायला हवं असेल तर फास्ट हार्डनर घ्या, प्रमाणाला हात लावू नका. वजनकाट्यावर मोजा, कपाच्या कडा आणि तळ खरवडून ढवळा, मेण लावलेले कागदी कप नकोत, आणि प्रत्येक कपातला उरलेला माल तारीख टाकून ठेवून द्या. दोन दिवसांनी तो नखाने दबत असेल तर विमानावरही तसाच आहे.

चिकट राहिलं तर काय? थंडीमुळे असेल तर खोली २५ अंशाच्या आसपास नेऊन एक दिवस थांबा, बहुतेक वेळा सुधारतं. प्रमाण चुकलं असेल तर काहीही करून ते वाळत नाही, वर चांगला थर टाकून झाकू नका, सगळं खरवडून काढा. धूर बाहेर न जाणाऱ्या गॅस किंवा रॉकेलच्या हीटरने खोली तापवायची नाही, एक तर ते जिवावर बेतू शकतं, शिवाय त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतो आणि ती मेणचट साय आणखी वाढते.

भरायला काय वापरायचं यातही गोंधळ असतो. मायक्रो, म्हणजे काचेचे पोकळ गोळे घातलेली इपॉक्सी, हलकी असते, ती फोमच्या खड्ड्यांसाठी आणि फिनिशिंगसाठी. ताण घेणाऱ्या जोडात सुती तंतूंचं फ्लॉक्स. पाच मिनिटांची इपॉक्सी फक्त तात्पुरतं धरून ठेवायला, तिच्यावर विमान उडवायचं नाही.

तुटलेला भाग दुरुस्त करताना आधी नाण्याने टकटक करत जा, कोरा टणक आवाज कुठे थांबतो आणि भद्द आवाज कुठे सुरू होतो तिथे पेनने खूण करा, नुकसान जवळजवळ नेहमी दिसतं त्याच्यापेक्षा मोठं असतं. मग प्रत्येक थरामागे निदान एक इंच याप्रमाणे उतार घासा आणि नवीन थर मूळ थरांच्याच दिशेने बसवा, बिड ४५ अंशात असेल तर ४५ अंशातच. भोकावर नुसतं चौकोनी ठिगळ मारलं की कडेला ताण गोळा होतो आणि तिथूनच परत सुटतं.

स्पार कॅप (पंखाच्या मुख्य तुळईचा ताण घेणारा पट्टा), पंखाचे अटॅचमेंट, कॅनार्ड (पुढचा छोटा पंख), यात चीर किंवा सुटलेला थर दिसला तर उडणं बंद, आणि घासायला घ्यायच्या आधी जाणकाराला दाखवा. अमेरिकेत असाल तर ईएए या घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे टेक्निकल कौन्सेलर असतात, ते येऊन बघतात. आणि दुरुस्ती झाल्यावर लगेच फिलर-प्रायमर मारू नका, इपॉक्सीचा ग्लास अर्धपारदर्शक असतो, हवा अडकली असेल तर पांढरट डाग दिसतो, आधी कुणाला तरी ते दाखवून घ्या.