उतारवयात फ्लूची लस घ्यावी का? पेरणीपूर्वी ठरवण्याची रीत

आमच्या भागात फ्लूच्या लशीचा विषय बहुधा पोळ्याच्या सुमारास, घरातील दोघेतिघे खोकू लागल्यावर निघतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. विदर्भात या आजाराचा मुख्य जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात असतो; लस टोचल्यावर अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे २ आठवडे लागतात. म्हणून हा निर्णय मृग लागण्याआधीच घ्यावा. एकदा पेरणीची धांदल सुरू झाली, की म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला न्यायला घरात कोणी मोकळे नसते.

प्रथम ज्यांच्यासाठी लस घ्यायची त्यांची प्रकृती पाहावी. वय ६५ च्या पुढे असेल तर तेवढे कारणही पुरेसे आहे. त्याहून कमी वयात मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असल्यास लशीची गरज तितकीच धरावी. ज्या बायांनी जन्मभर चुलीपुढे फुंकणी धरली, त्यांची फुप्फुसे विडी न ओढताही अधू झालेली असतात, हे घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. त्यांनाही फ्लूचा धोका अधिक असतो. आषाढीला पायी वारीत जाणाऱ्या वृद्धांनी गर्दीतला मुक्काम लक्षात घेऊन निघण्यापूर्वी किमान २ आठवडे आधी लस घ्यावी.

त्यानंतर लशीकडून काय अपेक्षा ठेवायची, ते स्पष्ट करून घ्यावे. त्या वर्षीच्या विषाणूशी लशीचा मेळ चांगला बसला, तर एकूण लोकसंख्येत डॉक्टरकडे जावे लागण्याइतका फ्लू होण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. वृद्धांत हा लाभ बऱ्याचदा याहून कमी मिळतो. साधी सर्दी निराळ्या विषाणूंमुळे होते, त्यामुळे “लस घेऊनही नाक गळलेच” ही तक्रार लशीविरुद्धचा पुरावा ठरत नाही. खरा लाभ न्यूमोनिया आणि रुग्णालयातला मुक्काम टळण्यात आहे. फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढतो. माझ्या मते, ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांच्यासाठी एवढ्यावरच प्रश्न मिटावा.

डॉक्टरांना काही गोष्टी न विसरता सांगाव्यात: पूर्वीच्या फ्लूच्या लशीची तीव्र ॲलर्जी आली होती का, लशीनंतर ६ आठवड्यांच्या आत हातपाय लुळे पडण्याचा आजार झाला होता का, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत का. गोळ्यांमुळे लस अडत नाही. टोचल्यावर ती जागा थोडा अधिक वेळ दाबून धरावी लागते. अंगात बराच ताप असेल तर लस पुढे ढकलावी. बहुतेक लशींसाठीचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. माळकरी घरात हे लपवू नये. आधी सांगून त्या माणसालाच ठरवू द्यावे.

खर्चाचाही विचार करावा लागतो, कारण ही लस दरवर्षी घ्यावी लागते. ती नेहमीच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही आणि खासगी दवाखान्यात एका मात्रेला साधारणतः हजार रुपयांच्या वर पडतात. सरकारी रुग्णालयात जोखमीच्या रुग्णांसाठी मोफत साठा आला आहे का, हे आशाताईंकडून आधी विचारून घ्यावे. विकत घेताना ती चालू हंगामाचीच आहे ना, हे खोक्यावर पाहावे. मागील वर्षाची उरलेली लस स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. एका वर्षी वडिलांची लस मी शहरातून स्वतः आणली. ऊन लागू नये म्हणून सिरिंज थेट बर्फाच्या लादीला चिकटवून थर्मासमध्ये ठेवली आणि स्वतःला हुशार समजलो. गावच्या डॉक्टरांनी ती बाहेर काढली, बाहेरून जमलेला हिमकण नखाने खरवडला आणि टोचण्यास नकार दिला, कारण गोठलेली लस वाया जाते. तेव्हापासून मी लस आणत नाही. जिथे ती फ्रिजमध्ये ठेवलेली असते, तिथे वडिलांना घेऊन जातो.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. दंड दुखणे किंवा एकदोन दिवस कणकण येणे अपेक्षित असते. टोचून द्यायच्या या लशीत जिवंत विषाणू नसल्यामुळे तिच्यातून फ्लू होत नाही. तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

लस घेतल्यावरही पावसाळ्यात घरातील वृद्धाने अचानक जेवण सोडले, असंबद्ध बोलू लागला किंवा धाप लागली, तर अंगात ताप नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, कारण फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वांत चांगले लागू पडते.