वन बीएचके भाड्याने घेताय? आधी बेडरूम तपासा

बहुतेक जण हॉल बघूनच घर पसंत करतात. दारातून आत शिरलं की पहिला हॉल दिसतो, उजेड छान असतो आणि तिथेच मनात पक्कं होऊन जातं. पण वन बीएचकेत बेडरूम एकच असते ना, म्हणजे ती खोली तापणारी निघाली किंवा तिथे आवाज येत असला तर झोपायला दुसरी खोलीच नाही, हॉलमध्ये गादी टाकून किती दिवस काढणार. मी चार महिने काढलेत. घर सकाळी ११ वाजता बघितलं होतं, गार वाटलं, हो म्हणून टाकलं, आणि राहायला गेल्यावर कळलं की बेडरूमची बाहेरची भिंत पश्चिमेला आहे, दुपारभर ऊन खाते आणि रात्री झोपायच्या वेळेलाही हात लावला तर कोमट लागते.

म्हणून घर दोनदा बघा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री ९ नंतर, दाखवणारा कितीही घाई करू दे. रात्री गेलात की बेडरूमचं दार-खिडकी लावा, पंखा बंद करा आणि दोन-तीन मिनिटं गप्प उभे राहा. लिफ्टचा आवाज, पाण्याचा पंप, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं तेव्हाच कळतं, लोकांशी बोलत बोलत घर बघितलं तर काहीच ऐकू येत नाही. भिंत कुठल्या दिशेला आहे ते मोबाईलच्या कंपासवर दिसतं. शेवटचा मजला असेल तर वरचा स्लॅबही तापणार हे धरून चाला.

टेप घेऊन जा, अंदाजावर राहू नका. डबल बेड साधारण ५ बाय साडेसहा फुटांचा असतो, त्याच्या एका बाजूने तरी चालायला दोन फूट हवेत आणि कपाटाचं दार पूर्ण उघडायला हवं. रिकामी खोली मोठीच वाटते. वॉशिंग मशीनला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी धरा, आणि मोठं सामान जिन्यातून वळेल का तेही बघा.

बाथरूमचं दार कुठून आहे हे फार कोणी बघत नाही. फक्त बेडरूममधूनच असेल तर घरी आलेला प्रत्येक माणूस तुमच्या पलंगाशेजारून जाणार, आणि घरात एक जण झोपलेला असेल तर दुसऱ्याची पंचाईत. शॉवर चालू ठेवून किचनचा नळ सोडा, फ्लश करा, धार किती बारीक होते ते बघा. बादलीभर पाणी ओता, तुंबतंय का कळेल. सिंकखालचं कपाट उघडून वास घ्या, कुबट वास आला किंवा भिंतीवर एकाच जागी नवा रंग दिसला तर ओल कुठून येते ते सरळ विचारा.

परिसराबद्दल एजंटला विचारण्यापेक्षा शेजाऱ्यांना विचारा. आणि कामावर जायच्या वेळेलाच तिथून एकदा जाऊन बघा, मॅपवरची १५ मिनिटं गर्दीत किती होतात ते कळेल.

पैशाचं बोलताना भाड्यापुरतं बोलू नका. मेंटेनन्स, पार्किंग, पाणी, वीज कोण भरणार, एजंटची फी किती, सगळं मिळवून महिन्याचा आकडा काढा. घर आतून बघितल्याशिवाय आणि समोरचा खरंच मालक आहे का याची खात्री केल्याशिवाय टोकन म्हणूनही पैसे पाठवू नका, "अजून तिघं लाइनमध्ये आहेत" असं कोणी म्हटलं तरी नाही. अॅग्रीमेंटमध्ये नोटीस किती दिवसांची, लॉक-इन म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडता येणार नाही अशी अट आहे का, भाडं कधी आणि किती वाढणार, गीझर बिघडला तर खर्च कुणाचा, डिपॉझिटमधून कशाचे पैसे कापणार आणि उरलेले किती दिवसांत परत देणार, हे लिहून घ्या. तोंडी "बघू ना नंतर" ला काही अर्थ नसतो.

चावी मिळाली की सामान आत आणायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक भिंत, फुटकी टाइल, ओट्याचा कोपरा, दारावरचा ओरखडा, मीटरचं रीडिंग, आणि किती चाव्या मिळाल्या तेही. ते सगळं त्याच दिवशी मालकाला मेल करून टाका, म्हणजे तारखेसकट दोघांकडे राहतं.