घरातलं पाणी नेमकं कुठं मुरतं?

पाणी वाचवायचं म्हटलं की दात घासताना नळ बंद ठेवा, हे सगळ्यांना पाठ असतं. तो ठेवावाच. पण बऱ्याच घरांत पाणी रात्रीही जातं, कुणी नळाला हात लावलेला नसताना. म्हणून सुरुवात मोजण्यापासून करा.

घराची स्वतःची टाकी असेल तर रात्री झोपताना मोटर आणि टाकीत येणारं पाणी बंद करा. एक सरळ काठी टाकीत तळापर्यंत सोडा, ओल कुठवर आली तिथं खूण करा. सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत पुन्हा मोजा. 1 मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी 1 सेंटीमीटर उतरली म्हणजे पावणेआठ लिटरच्या आसपास पाणी गेलं. 5 सेंटीमीटर उतरली असेल तर जवळजवळ 40 लिटर, तेही एका रात्रीत. फ्लॅटमध्ये हे जमत नाही, सगळ्यांची टाकी एकच. तिथं थेट खालच्या तपासणीला लागा.

पहिला संशयित कमोडची फ्लश टाकी. गळती भांड्याच्या आतल्या बाजूनं होते, त्यामुळे ना आवाज येतो, ना फरशी ओली होते. झाकण काढा, टाकीत खायच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबरी वॉशर गेलं. क्षाराच्या पाण्यानं ते कडक होतं, नीट बसत नाही. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, आतला भाग फिरवून बाहेर काढा आणि जुनं वॉशर घेऊनच दुकानात जा. ‘फ्लशचं वॉशर द्या’ एवढ्यानं काम होत नाही, कंपनीगणिक माप बदलतं. नवं बसवण्याआधी ते टेकतं ती कड कापडानं पुसा. तिथं क्षाराचा थर राहिला तर नवं वॉशरही आठवड्यात गळेल.

भांड्यात रंग न उतरताही टाकी अधूनमधून सूं करत भरत असेल तर पातळी पाहा. उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापेक्षा पाणी इंचभर खाली थांबायला हवं. तोंडापर्यंत येत असेल तर बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या नळाचा, स्क्रू फिरवून त्याचा तरंगता फ्लोट खाली घ्या.

जुनी टाकी 10 लिटरची असेल तर 1 लिटरची बाटली पाण्यानं भरून, झाकण घट्ट लावून आत उभी ठेवता येते. यंत्रणेला ती लागता कामा नये. वीट मात्र टाकू नका. ती झिजते, तिची रेती वॉशरखाली अडकते आणि वाचवलेल्याच्या कितीतरी पट पाणी गळून जातं. बाटलीमुळे दोनदा फ्लश करावं लागत असेल तर बाटली काढून टाका.

ठिबकणाऱ्या नळाखाली 10 मिनिटं वाटी धरा आणि आलेल्या पाण्याला 144 नं गुणा. 50 मिलिलिटर आलं तर दिवसाला 7 लिटर 200 मिलिलिटर. असा नळ जोर लावून पिळू नका. वॉशर आणखी चेपतं आणि ते टेकतं ती पितळी बैठक खराब होते.

नळाला लावायची जाळी, म्हणजे एअरेटर, वॉश बेसिनला आणि सिंकला लावा. तिथं पाणी वाहतं ठेवूनच काम होतं. बाथरूममधल्या बादलीच्या नळाला लावून उपयोग शून्य: बादली तेवढीच भरते, फक्त उशिरा. गॅस गिझरच्या नळाला तर नकोच. पाण्याचा ओघ कमी पडला की तो पेटतच नाही. जाळीतून पाणी वाकडंतिकडं उडू लागलं की ती अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या ब्रशनं घासा.

आता आरओ, म्हणजे पिण्याचं पाणी शुद्ध करणारं यंत्र. टाकी भरून यंत्र बंद झालं की 5 लिटर पाणी काढा आणि यंत्र पुन्हा बंद पडेपर्यंत सांडपाण्याच्या नळीखाली बादली धरा. 15 लिटर जमलं तर ते नेहमीचंच. 25-30 लिटर जमलं तर फिल्टर किंवा मेंब्रेन, म्हणजे क्षार गाळणारा पडदा, चोंदलं आहे. यंत्र बंद असतानाही नळी ठिबकत असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व, म्हणजे पाणी अडवणारी विजेवरची झडप, पाहायला सांगा. सांडपाणी कमी व्हावं म्हणून नळी चिमटवून ठेवण्याचा उद्योग करू नका. क्षार मेंब्रेनवर साचतात आणि ते लवकर निकामी होतं.

मुळात यंत्राची गरज आहे का, हेही पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. नळाचं पाणी टीडीएस मीटरवर 150-200 दाखवत असेल तर जंतूंसाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचं यंत्र, पुरतं. बोअरच्या पाण्याचं वेगळं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे भूजलात फ्लोराइड सापडतं आणि टीडीएस मीटरला ते वेगळं ओळखता येत नाही. तिथं प्रयोगशाळेतला अहवाल पाहूनच ठरवा.

300 टीडीएसचं पाणी आत गेलं तर सांडपाणी साधारण 400 चं असतं. फरशीला, भांडी खंगाळायला, कमोडला ते चालतं. बोअरचं 1000 चं पाणी असेल तर सांडपाणी 1300 च्या पुढं जातं. ते कुंड्यांना रोज घालू नका, मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. गाडीही त्यानं शेवटी धुऊ नका, काचेवर डाग राहतात.

राहिलं ‘शिळं’ पाणी. सकाळी नळ आला की कालचा हंडा मोरीत उपडा करायची सवय अजून पुष्कळ घरांत आहे. झाकलेलं, हात न बुडवता ओगराळ्यानं काढलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. स्वयंपाकाला तेच आधी संपवा, मग ताजं भरा. डासांमुळे आठवड्यातून एकदा भांडी आणि पिंपं रिकामी करून घासावी लागतातच. त्यासाठी कपडे धुण्याचा दिवस धरा आणि आदल्या दिवशी पिंप भरू नका. तळाला गाळ असेल तर तेवढं शेवटचं तांब्याभर पाणी तुळशीला घाला.