‘आपल्या हातात काय आहे?’ असे म्हणण्यापूर्वी या चुका टाळा

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि त्यावरची चर्चा बहुधा एकाच वाक्यावर संपते : आपल्या हातात काय आहे? उजनी धरणातील पाणीसाठा किंवा शहराची जलवाहिनी एकट्या माणसाच्या हाती नाही, हे खरेच. परंतु तेच वाक्य आपण अडलेला दाखला, थकलेला पगार आणि स्वतःची प्रकृती यांनाही नकळत लावू लागतो. सगळ्या अडचणी एका गाठोड्यात बांधणे ही पहिली चूक. गाठोडे सोडले, तर घरातला गळका नळ आज दुरुस्त करता येतो, पाणी न आलेल्या तारखा वहीत टिपून प्रभागाची लेखी तक्रार करता येते आणि धरणाचा प्रश्न तेवढा वेगळा उरतो.

दुसरी चूक मला सर्वांत महागाची वाटते, कारण ती मी स्वतः केली आहे. तोंडी मिळालेला नकार आपण अंतिम मानतो. एका कार्यालयात मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज दिला, पण पोच मागण्याचा संकोच केला. तीन वेळा ‘उद्या या’ ऐकल्यावर चौथ्या खेपेला असा अर्जच आलेला नाही असे सांगण्यात आले आणि माझ्याकडे दाखवायला कागदाचा तुकडाही नव्हता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित (म्हणजे शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेल्या) सेवेच्या अर्जाची पोच मिळणे हा आपला हक्क आहे, सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायला हवी, ती नाकारायची असल्यास कारण लेखी द्यावे लागते आणि त्यावर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. म्हणून खिडकीवरून परतण्यापूर्वी शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात : हे कोणत्या नियमानुसार, याचा निर्णय कोणाकडे, आणि मला हे लेखी मिळेल का? आवाज चढवण्याची गरज नसते. प्रश्न मात्र अर्धवट सोडू नये.

आत्मविश्वास आला की सुरुवात करू, असे म्हणत थांबून राहणे ही तिसरी चूक, कारण क्रम नेमका उलटा आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडले की, ‘मला हे जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काही तडीस नेल्याच्या अनुभवातून. बँकेची स्लिप नेहमी मुलाकडून भरून घेणाऱ्या आईने ती एकदा स्वतः भरली, तर पुढच्या वेळी पासबुकातील नोंदीबद्दल विचारण्याचे बळ तिला तिथूनच मिळते. हात टेकणाऱ्या माणसाला आळशी म्हणणेही चुकीचे आहे. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ च्या प्रयोगांवरून असहायता शिकली जाते असे म्हटले होते, पण २०१६ मध्ये त्यांनीच ते मत फिरवले : दीर्घ त्रासात गप्प होणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते, शिकावे लागते ते परिस्थितीवर आपले काही नियंत्रण आहे हे.

संकल्प मोघम ठेवू नये, हे थोडक्यात सांगतो. ‘बचत करीन’ याऐवजी ‘पगार हाती आला की मंडईत जाण्यापूर्वी दोनशे रुपये पोस्टात भरीन’ असे ठरवावे.

शेवटची चूक उलट्या टोकाची आहे : प्रत्येक अपयश स्वतःच्या माथी घेणे. बाजारात मंदी आल्यामुळे यंत्रमाग थांबला, तर तो कामगाराचा कमीपणा नव्हे, आणि अशा वेळी एकट्याने अधिक कष्ट करणे हे उत्तर पुरेसे ठरत नाही. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. विडीच्या मजुरीवर त्यांतील एकीलाही एकटीने घर बांधता आले नसते. संस्था स्थापून, वर्षानुवर्षे मोर्चे काढून आणि स्वतःचा वाटा भरून त्यांनी ती घरे मिळवली.