सुगरणीच्या खोप्यांची नोंद कशी ठेवायची (आणि अर्धवट खोपे का मोजायचेच)

पाऊस लांबला की पेरणी अडते तशी सुगरणीची वीणही अडते, आणि हे बघायला कुठल्या अभयारण्यात जायची गरज नाही, विहिरीवर वाकलेली एखादी बाभळ आणि रोजची अर्धा तास सवड एवढं पुरे. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलच्या झूमवर पण भागतं.

झाड मे महिन्यातच हेरून ठेवा. गेल्या वर्षीचे वाळके खोपे जिथं लोंबत असतील तिथं यंदाही येतील याचा चान्स चांगला असतो. बाभूळ, शिंदी, नारळ, खाली पाणी असलं तर अजून बरं. हल्ली लाइटच्या तारांवर पण खोपे दिसतात, झाडच ठेवलं नाही आपण तर काय करतील बिचारी, तेही धरा पण वहीत 'तार' असं वेगळं लिहा. खोपे झाडाच्या कुठल्या अंगाला आहेत तेही टाका. बरेचदा पूर्वेकडे असतात, कारण पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो आणि झाडाचा आडोसा मिळतो.

आता पाऊस. ही नोंद नसेल तर बाकी सगळी नोंद म्हणजे नुसती खोप्यांची यादी. पहिला दमदार पाऊस कधी पडला, मध्ये किती दिवस उघडीप होती, एवढं लिहा. मिलिमीटर हवे असतील तर कृषी विभागाच्या महारेन साइटवर तुमच्या मंडळाचा आकडा मिळतो. नराला विणायला लांब हिरवी पाती लागतात, गवताची, भाताची, उसाची, आणि एका खोप्यासाठी तो 500 पर्यंत फेऱ्या मारतो, त्यामुळे गवत वाढल्याशिवाय काम सुरू होत नाही. शेजारी बागायती ऊस असेल तर तेही लिहून ठेवा, तिथं पाती पावसाआधीच तयार असतात म्हणजे तुमचं झाड आणि कोरडवाहू पट्ट्यातलं झाड एकाच मापानं मोजता येणार नाही.

खरी गंमत पुढं आहे. लोक येतात, खोपे मोजतात, "यंदा चाळीस झाले!" म्हणून फोटो टाकतात. अहो चाळीस खोपे म्हणजे चाळीस संसार नव्हेत. नर आधी एक कडं विणतो, मग त्याची टोपी करतो, हेल्मेटसारखी, ह्याला साधारण आठ दिवस जातात. मग तिथंच लटकून पंख फडफडवत बसतो, माद्या येतात, आत शिरून बघतात. पसंत पडलं तरच खोपा पुढं जातो, अंड्यांची जागा बंद होते, खाली बोळकांडी उतरते. नाही पडलं तर टोपी तशीच वाळते. आणि पसंती विणकामापेक्षा जागेची जास्त असते म्हणे, फांदी उंच आहे का, काटे आहेत का. एका मादीचं जमलं की हे महाशय दुसरा खोपा घेऊन दुसरीच्या मागं. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला बसून हाच सगळा मामला उलगडला होता.

म्हणून वहीत चार खाने करा: कडं, टोपी, बोळकांडीवाला, आणि पडलेला किंवा फाटलेला. दर तीन-चार दिवसांनी, शक्यतो सकाळी, त्याच जागेवरून एक फोटो काढा आणि प्रिंटवर खोप्यांना नंबर द्या, नाहीतर आठवड्यात गोंधळ होतो, माझा पहिल्या वर्षी झालाच. टोप्या भरपूर आणि बोळकांड्या कमी असं दिसलं की समजा बांधकाम जोरात आहे पण वीण नाही.

आत काय चाललंय ते हात न लावता कळतं. मादी आत जाऊन बराच वेळ बाहेर येत नसेल तर अंडी, चोचीत किडे घेऊन सारखी ये-जा करत असेल तर पिल्लं. अंडी 14 ते 17 दिवस उबतात, त्यानंतर साधारण तेवढेच दिवस पिल्लं आत असतात, म्हणजे मादी बसल्यापासून महिनाभर तरी त्या खोप्याला वारा, कावळा आणि साप यांच्यातून टिकायचंय. साधा हिशोब आहे, पाऊस महिनाभर उशिरा आला आणि वेळेवर गेला तर नराच्या हातातली विणीची एक फेरी गेली. वादळानंतर दुसऱ्याच दिवशी झाडाखाली जा आणि पडलेले खोपे कुठल्या अवस्थेतले होते ते लिहा. ओली माती चिकटवलेली दिसेल आत, त्यात काजवे खोचून दिवा लावतात ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलीय, मला अजून एकही काजवा सापडला नाही.

एका वर्षाच्या वहीवरून "हवामान बदलामुळे सुगरणी घटल्या" असं पोस्ट करू नका प्लीज. विहिरीवर जाळी बसली असेल, बाभळीच्या फांद्या छाटल्या असतील, थवा पलीकडच्या ओढ्यावर गेला असेल. दोन-तीन किलोमीटरचा फेरा मारून आधी बघा, आणि नोंदी ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या साइटवर पण टाका म्हणजे वही भिजली तरी राहतील.

आणि ऑक्टोबरनंतर रिकामे दिसले तरी खोपे शोकेससाठी काढू नका. उशिराची एखादी मादी आत असू शकते, आणि सोडलेल्या खोप्यात मनोल्या (मुनिया पक्षी) येऊन राहतात, त्यांच्यासाठी वहीत पाचवा खाना करायला लागेल.